पूल चरायला गेला होता

आधी माफी मागून घेते. माझे अक्षर म्हणजे रांग सोडून पळालेल्या मुंग्या. ऱ्हस्व-दीर्घाचे तर विचारूच नका. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा दुसरी वेलांटी बहुतेक शाळेतच राहिली. कागदही धड नाही, कटिंग मशीनखाली उरलेल्या पट्ट्या आहेत, म्हणून ओळी आखूड आल्या आहेत. हे कोणाला दाखवायचे नाही, तरी माफी मागते, कारण तुळशीरामभाऊ म्हणत की कागद कोणाच्या हाती पडेल याचा नेम नाही.

भाऊ आता आमच्यात नाहीत. म्हणजे आहेत, हुडकेश्वरला आपल्या घरी चांगले ठणठणीत आहेत, फक्त कामावर नाहीत. परवा नव्या कामाचे कागद आले, त्यातल्या एका पानावर नंबर छापायचा राहिला होता. ते पाहून मला एकटीलाच हसू आले. शेजारी मंदा होती. ती म्हणाली, "काहून हसून राहिली वं?" मला सांगता आले नाही. मला बोलता कमी येते. लिहिता थोडे येते, म्हणून लिहिते.

आमचे बाइंडिंगचे दुकान महाल भागात, एका गल्लीच्या टोकाला आहे. छापखान्यातून मोठे छापील कागद येतात. एका कागदाच्या घड्या पाडल्या की सोळा पाने होतात, त्याला आम्ही फॉर्म म्हणतो. फॉर्मचे गठ्ठे लांब टेबलावर ओळीने मांडायचे आणि आम्ही बायकांनी टेबलाभोवती फिरत एकेक उचलत जायचे. एक फेरी झाली की एक पुस्तक हातात येते. ही जुळवणी. मग पाठ खरवडायची, गोंद लावायचा, कव्हर चढवायचे, तीन बाजू कापायच्या. गठ्ठे कोणत्या क्रमाने मांडायचे हे भाऊ ठरवत. तिथे चूक झाली तर सगळीच पुस्तके चुकणार, म्हणून मांडणीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

भाऊ उंच आणि सुकलेले. चष्म्याची एक काडी मोडली होती, तिला त्यांनी पुस्तकाच्या पाठीला लावतात ते लाल कापड चिकटवले होते. चष्म्याचेही बाइंडिंग केले आहे असे सांगत. कोणत्याही कामाची पहिली जुळवणी ते स्वतः करायचे. टेबलाभोवती एक फेरी मारायची, ते पुस्तक कपाळाला लावायचे आणि आपल्या खणात ठेवून द्यायचे. मग आम्हाला म्हणायचे, "हं, चाला बायांनो. देवाचं झालं, आता गिऱ्हाइकाचं."

तयार पुस्तक ते डोळ्यांनी तपासत नसत. कानाशी धरून अंगठ्याने पाने सोडत, फर्रर्र, आणि म्हणत, "बरोबर." एकदा व्रतांच्या पुस्तकाचे आणि स्वयंपाकाच्या पुस्तकाचे काम एकदमच आले होते. भाऊंनी एक पुस्तक कानाशी धरले आणि थांबले. "यात मधीच कोणाचा तरी आवाज बसला आहे," म्हणाले. उघडून पाहिले तर सोळा सोमवारांच्या मधोमध भरल्या वांग्यांचा फॉर्म. दोन्ही कागद दिसायला सारखे, पण एक जरा जाड होता. "बरं झालं सापडलं," भाऊ म्हणाले, "नाई तं एखादी बिचारी महादेवापुढं वांगे भरत बसली असती."

पण इतकी पुस्तके बांधूनही भाऊंनी त्यातले एकही वाचले नव्हते. कोणी विचारले तर म्हणायचे, "हलवाई पेढे खाते काय? आपलं काम पाठीचं. पाठ सरळ असन तं पोटात काय आहे ते ज्याचं त्यानं पाहावं."

त्यांना पोटात पाहायची वेळ आली ती त्या कादंबरीमुळे.

रामदासपेठेत राहणाऱ्या एक मॅडम होत्या. कॉलेजात शिकवून रिटायर झालेल्या. कुठल्यातरी लांबच्या देशातली कादंबरी त्यांनी मराठीत आणली होती आणि स्वतःच्या पैशाने छापली होती. त्या पुस्तकात पानांना नंबर नव्हते. मूळ लेखकाने दिले नव्हते, म्हणून मॅडमनीही दिले नाहीत. भाऊंनी मॅडमनी आणलेली डमी समोर ठेवली, म्हणजे नमुन्याची वही, जिच्या पानापानावर त्या पानाचे पहिले शब्द हाताने लिहिले होते, आणि तिच्याप्रमाणे गठ्ठे मांडले. काम झाले. मॅडमना ती डमीसुद्धा फार आवडली, आठवण म्हणून घेऊन गेल्या. लगेच मुलाकडे परदेशी निघाल्या. बिलाचे अर्धे पैसे दिले होते, अर्धे आल्यावर द्यायचे ठरले.

महिनाभरात दुकानदारांकडून पुस्तके परत यायला लागली. गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या होत्या, पाने उलटसुलट लागली आहेत.

मालक घाबरले. ते मनाने वाईट नाहीत, पण घाबरले की हिशेब करू लागतात. म्हणाले, "तुळशीरामभाऊ, गडबड झाली गा. गठ्ठे उलटे मांडले तुमी."

"नाई मांडले."

"मंग डमी दाखवा."

"डमी मॅडमनं नेली."

मॅडमचा फोन लागत नव्हता. भाऊंनी सांधा तपासायचे ठरवले. आमच्यात ती सोपी रीत आहे. एका फॉर्मच्या शेवटच्या पानावरचे वाक्य पुढच्या फॉर्मच्या पहिल्या पानावर पुरे होते का ते पाहायचे. झाले तर सांधा लागला. भाऊंनी चष्मा पुसला आणि एका फॉर्मच्या शेवटी वाचले, "तिने दार उघडले तेव्हा बाहेर". पान उलटले. पुढे होते, "माझ्या बहिणीची करंगळी आता संपत आली होती."

भाऊंनी पुन्हा चष्मा पुसला. मग फॉर्मच्या अगदी मधले पान पाहिले, जिथे आमची चूक होऊच शकत नाही. तिथेही तेच. पानाच्या शेवटी वाक्य अर्धे सोडायचे आणि पुढच्या पानावर भलतेच सुरू करायचे, ही त्या लेखकाची तऱ्हाच होती.

"या माणसाचा सांधाच लागत नाई," भाऊ म्हणाले.

मालक म्हणाले की सगळी पुस्तके फाडू आणि नव्याने बांधू. भाऊ गठ्ठ्यांपुढे उभे राहिले. "एक पुस्तक फाडाचं नाई. मॅडमले येऊ द्या. तोपर्यंत जे अर्धं बिल अडकलं ते माह्या पगारातून कापा, दर महिन्याले थोडं थोडं. मॅडम बरोबर म्हणाल्या तं पैसे परत द्या. चूक म्हणाल्या तं मी घरी."

ते पैसे कुलरचे होते. भाऊंच्या घरच्या कुलरचा पत्रा गंजून गेला होता. चालू केला की हवेपेक्षा आवाज जास्त यायचा. वहिनींना त्या उन्हाळ्यात नवा घेऊन देईन म्हणून सांगून बसले होते. आता उन्हाळा तोंडावर आला आणि पगार कापला जाऊ लागला. वहिनी डबा द्यायला आल्या की आम्हाला ऐकू जाईल असे म्हणत, "यायले पुस्तकाची हवा लागते, कुलरची नाई लागत."

मॅडम कधी येतील ठाऊक नव्हते. भाऊंचे मन स्वस्थ बसेना. गोष्ट सरळ जाते की नाही हे वाचूनच कळेल, असे त्यांनी ठरवले. खणातून आपली पहिली प्रत काढली. पण जेवायच्या सुट्टीत त्यांचा हात भाकरीत असायचा आणि बारीक अक्षर चष्म्याला सोसत नव्हते. त्यांनी मला हाक मारली.

मी म्हटले, "भाऊ, मी चौथीपर्यंतच शिकले."

"झालं ना मंग. वाचणं चौथीपर्यंतच शिकवते. पाचवीपासून कंटाळा शिकवते."

मी वाचायला लागले. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. भाऊ म्हणाले, "मोठ्यानं वाच वं बाई. पुस्तक काय तुले एकटीलेच सांगून राहिलं काय?"

त्या कादंबरीत एक गाव होते. नदीच्या एका काठाला घरे, दुसऱ्या काठाला बाजार आणि मधे दगडी पूल. एके दिवशी लोक उठून पाहतात तर पूल नाही. तो चरायला गेला आहे. गावात विहिरी मोजणारा एक कारकून आहे, तो पुलाला शोधायला निघतो. त्याची बहीण मिठाची झाली आहे, आणि घरचे लोक भाजीपुरती तिची करंगळी खरवडून घेतात. ती काही बोलत नाही, फक्त पाऊस आला की घाबरते. कारकुनाचे नाव माझ्या तोंडात बसेना. मी प्रत्येक वेळी अडखळले की भाऊंचा घास थांबायचा. शेवटी ते म्हणाले, "त्याले बाबुराव म्हण. त्याले काय समजते."

मग बाबुराव सुरळीत चालला.

भाऊ पहिल्या दिवशी फार चिडले. "पूल चरायले गेला म्हणते! उद्या कन्हानचा पूल असा उठून गेला तं लोकायनं काय करावं? अन् गेला तं गेला, खाते काय तो? दगडाचं जनावर गवत खाईन काय?" दुसऱ्या दिवशी येऊन स्वतःच म्हणाले, "मी विचार केला. शेवाळ खात असन. पुलाले शेवाळाची सवय असते." मिठाच्या बहिणीवरून तर त्यांनी पुस्तक बंदच करायला लावले होते. "अशी कशी माणसं? बहिणीले भाजीत टाकते!" मग भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "पण खरं आहे वं. माही मोठी बहीण अशीच गेली. सगळ्यायनं थोडी थोडी घेतली. वाच पुढं."

हळूहळू मंदा आणि बाकीच्या बायाही डबे घेऊन आमच्याकडे सरकल्या. मला लाज वाटायची, पण पुस्तकात डोळे घातले की माणसे दिसत नाहीत, हे मला तेव्हा कळले. कळत कोणालाच काही नव्हते. कधी मेलेला न्हावी येऊन दाढी करून जायचा, कधी बाबुराव एका विहिरीत उतरला की दुसऱ्या विहिरीतून लहान होऊन बाहेर यायचा. मंदा म्हणायची, "लेखक पिऊन लिहीत होता." भाऊ म्हणायचे, "पिणाऱ्याले इतकं लक्षात राहत नाई. न्हाव्याचा वस्तरा डाव्या हातात होता, तो दोन्ही वेळा डाव्याच हातात आहे."

भाऊ रोजचा भाग घरी जाऊन सांगत. त्यांची सांगायची हातोटी माझ्या वाचण्याहून चांगली असावी, कारण काही दिवसांनी वहिनींनी डबा ठेवता ठेवता कुलरचे नाव न काढता विचारले, "आला काहो पूल?"

"नाई आला."

"लबाड आहे मेला," असे म्हणून त्या गेल्या. त्यांच्या गल्लीतही लोक विचारू लागले. भाजीवाला म्हणे काटा धरून विचारायचा, "भाऊ, पुलाची काही खबर?"

आम्ही शेवटाला आलो तेव्हा उन्हाळा चांगलाच तापला होता. गावचे लोक काठावर पाय पाण्यात सोडून बसले होते. कोणी काही बोलत नव्हते. मग अर्धे पान कोरे होते. मी पान उलटले, पुढे आणखी मजकूर होता. कारकून म्हातारा झाला होता. बहीण थोडीशीच उरली होती, बशीत मावेल एवढी. आणि शेवटच्या पानावर शेवटची ओळ अशी होती, "पूल परत आला होता, त्याचे पाय ओले होते, आणि".

पुढे काही नव्हते. कव्हर होते.

मला वाटले भाऊ आता चिडणार. पण ते हात धुवायला उठले आणि नळापाशी पाठमोरे उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "आला ना. बस. पुढचं सांगाची गरज नाई." मग मालकांच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले, "पुस्तक बरोबर आहे. पूल परत आला."

मालकांनी हिशेबातून मान वर केली. "कोणता पूल?"

"तुमाले नाई समजणार," भाऊ म्हणाले.

मॅडम आल्या तेव्हा पावसाळा सुरू होऊन गेला होता. मालकांनी परत आलेले गठ्ठे आणि चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. भाऊ हात पुसत येऊन उभे राहिले. लाल कापडाची काडी त्यांनी तीनदा नीट केली. मॅडमनी पिशवीतून डमी काढली आणि एकेका गठ्ठ्यातले पुस्तक घेऊन, कधी डमी पाहून, कधी नुसते वाचून, तपासू लागल्या. आम्ही सगळ्या काम करतो असे दाखवत उभ्या होतो. पाणी प्यायलाही कोणी गेले नाही.

"सगळं बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "एकही पान चुकलेलं नाही. हे पुस्तकच असं आहे हो. लोकांना वाटतं बाइंडिंग चुकलं."

भाऊंनी मालकांकडे पाहिले नाही. तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता. मात्र आम्हा बायांकडे पाहिले. मालकांनी मान हलवली आणि म्हणाले, "देतो गा पैसे. पूर्ण देतो. या महिन्यापासून."

तिथेच सगळे संपले असते. पण भाऊंना आनंद झाला होता आणि आनंद झाला की ते बोलत. "मॅडम," ते म्हणाले, "आमी पूर्ण वाचलं बरं. सगळ्यायनं. पहिले डोकं दुखलं. पण शेवटी तो पूल परत येते ना, ते मले भल्ला आवडलं."

मॅडम हसल्या. "पूल शेवटी परत येत नाही, भाऊ. मधे एकदा येतो आणि पुन्हा जातो. शेवटी लोक नुसते काठावर बसून राहतात."

"येते मॅडम."

"नाही येत. अहो, मी अनुवाद केलाय."

"अन् मी बाइंडिंग केलं," भाऊ म्हणाले, आणि खणातून आपली प्रत घेऊन आले.

मॅडमनी शेवटून पाने उलटली. थांबल्या. पुन्हा उलटली. मग त्यांनी पुस्तक भाऊंच्या हातात दिले आणि डमीतले शेवटचे दोन फॉर्म बोटाने दाखवले. भाऊंच्या प्रतीत शेवटचा फॉर्म आधी आणि त्याच्या आधीचा शेवटी गेला होता. त्या एकाच प्रतीत. जी भाऊंनी स्वतः जुळवली होती आणि कपाळाला लावली होती.

भाऊंनी ती कानाशी धरली. फर्रर्र. कागद एकच होता, कान तरी काय सांगणार? ते एका गठ्ठ्यावर बसले. मला वाटले, आता यांना काहीतरी होते. त्यांचे खांदे हलायला लागले. मग आवाज फुटला, आणि ते असे हसले की चष्मा काढावा लागला. "अरे बाप्पा! सगळ्या बायांनी बरोबर केलं, अन् देवाचं तेवढं चुकलं!"

मग मंदा हसली, मालक हसले, मीही तोंडावर हात न ठेवता हसले.

डोळे पुसून झाल्यावर भाऊ म्हणाले, "मालक, एका पुस्तकाचे तीनशे रुपये कापून घ्या. ते माह्या चुकीचे."

"राहू द्या हो," मालक म्हणाले.

"कापा. चूक ते चूक."

मॅडम म्हणाल्या, "मग ही प्रत मला विकत द्या. मी इतकी वर्षं या पुस्तकात आहे. मलाही पूल परत आलेला पाहायचा आहे."

"चुकलेला माल मी विकत नाई," भाऊ म्हणाले आणि पुस्तक खणात ठेवून खण लावून घेतला.

परत आलेल्या पुस्तकांचे काय करायचे ते मात्र भाऊंनीच सुचवले. मॅडमनी एक लहान चिठ्ठी छापून आणली आणि मी ती प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर खळ लावून चिकटवली. तिच्यावर भाऊंचे शब्द होते. मॅडमनी फक्त थोडे नीट केले होते. "या पुस्तकातील पाने बरोबर लागली आहेत. धीर धरावा." त्यानंतर एकही पुस्तक परत आले नाही.

मालक पैसे देत गेले, कापले होते तसेच थोडे थोडे. भाऊंनी पावसाळा संपता संपता कुलर घेतला. म्हणाले, "आता स्वस्त मिळते." वहिनींनी तो थंडीभर चादर टाकून ठेवला आणि आल्या-गेल्याला दाखवला. फक्त ते तीनशे रुपये भाऊ घेईनात. मालक दर महिन्याला पुढे करायचे, भाऊ मागे सारायचे. मालकांनाही त्याची गंमत वाटू लागली होती.

नंतरच्या वर्षी भाऊंचे डोळे अधू झाले आणि त्यांनी काम सोडले. शेवटच्या दिवशी मालकांनी समोसे मागवले. मॅडमही आल्या. भाऊंनी आपला खण रिकामा केला. त्यात घडी पाडायची बांबूची पट्टी, सुतळीचा गुंडा आणि ते पुस्तक निघाले. पट्टी त्यांनी मला दिली. पुस्तक थोडा वेळ हातात धरले, पाठीवरून अंगठा फिरवला, आणि मॅडमपुढे धरले.

"घ्या," म्हणाले. "माहं तं पाठ झालं. विकत नाई, असंच घ्या."

मॅडमनी ते दोन्ही हातांनी घेतले. मग मालकांकडे वळून म्हणाल्या, "आता तर चुकलेली प्रत मी घेतली. मला चालते म्हणून घेतली. म्हणजे तुमच्याकडे चुकलेलं एकही पुस्तक उरलं नाही. बरोबर?"

मालकांनी विचार केला. हिशेबात ते पक्के आहेत. "बरोबर," म्हणाले, गल्ला उघडला आणि तीनशे रुपये काढून भाऊंच्या वरच्या खिशात स्वतःच्या हाताने घातले. "झालं गा भाऊ. पूर्ण झालं. आता काही बाकी नाई."

भाऊंनी या वेळी हात मागे सारला नाही. खिशावर तळवा ठेवून उभे राहिले. बाहेर त्यांच्या पोराने गाडी चालू करून ठेवली होती. दारापर्यंत गेले, वळले, सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या मला शोधून काढले आणि म्हणाले, "पूल परत आला वं बाई, आणि"

मी वाट पाहत राहिले. ते हसून खिसा थोपटत गाडीवर बसले.